पोटावर चालणारी शर्यत

अण्णा आणि शर्वरी ही नावं मी ठेवलेली आहेत. माणसं मात्र पुण्यातल्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये सापडतील. अण्णा तरुणपणी मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उतरलेले. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. तो मान हुकला, पण किती थोडक्यात हुकला ते सांगताना अण्णांचा आवाज अजूनही चढतो. शर्वरी त्यांची पुतणी. बँकेत नोकरी, हौसेने केलेला आहारशास्त्राचा अभ्यासक्रम आणि सायकलीला पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारा मीटर. येत्या नोव्हेंबरात ती डेक्कन क्लिफहँगरच्या सोलो गटात उतरणार आहे. पुण्याहून निघायचं, सह्याद्रीतले घाट चढायचे, मग सातारा, कोल्हापूर, बेळगावचा न संपणारा पट्टा आणि शेवटी घाट उतरून गोव्यात बोगमाळोचा किनारा. एकूण ६४३ किलोमीटर. अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची, म्हणजे ‘रॅम’ची पात्रता फेरी म्हणून ही शर्यत ओळखली जाते.

सोलो म्हणजे सायकल एकटीने चालवायची. मागे गाडी असते आणि गाडीत क्रू. क्रूचे प्रमुख अण्णा. स्टिअरिंगवर मी, कारण मला सायकलीतलं काही कळत नाही, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार नाही असा दोघांचा समज आहे.

अण्णा : आठवड्याला किती मारतेस?

शर्वरी : तास सांगू की किलोमीटर?

अण्णा : तास कसले? ऑफिस आहे का ते? किलोमीटर सांग.

शर्वरी : दिवे घाटातले तीस आणि सोलापूर रोडवरचे तीस सारखे असतात का? म्हणून तास. दहा ते बारा, एखाद्या आठवड्यात पंधरा. त्यातले बहुतेक सावकाश.

अण्णा : सावकाश म्हणजे?

शर्वरी : आत्ता बोलतेय तसं बोलता येईल इतकं. पूर्ण वाक्य, मधे धाप न लागता.

अण्णा : बोलता येतंय म्हणजे तू फिरायला निघालीस. आम्हाला उस्ताद सांगायचे, तोंडातून शब्द फुटला तर तो पायातून गेला समजा.

शर्वरी : तुम्हाला चार तास पळायचं होतं, अण्णा. मला तीस तास. सावकाश चालवताना स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात, चरबी वापरायची सवय लागते. हे व्हायला तास लागतात, आणि तास भरायचे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलीवर बसता आलं पाहिजे. रोज जीव काढला तर बुधवारपर्यंत पाय शिसे होतात.

अण्णा : आणि घाट? तो काय गप्पा मारत चढणार?

शर्वरी : आठवड्यातून दोनदा जीव काढतेच. मंगळवारी बोपदेव, आठ-आठ मिनिटांच्या पाच चढाया. गुरुवारी सपाटीवर वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे. बाकी सगळं तुमच्या भाषेत फिरायला जाणं.

याला हल्ली ऐंशी-वीस म्हणतात. स्टीफन सायलर नावाच्या अभ्यासकाने अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण हेच प्रमाण पुढे आलं : ऐंशी टक्के हलकं, वीस टक्के कडक. हौशी मंडळींचं उलट होतं. त्यांचा प्रत्येक दिवस मधलाच, हलका म्हणावा तर दमवणारा आणि कडक म्हणावा तर अपुरा. अण्णांना प्रमाण पटलं नाही, बोपदेवच्या पाच चढाया पटल्या. तिथून ते बीआरएमवर आले. बीआरएम ही शर्यत नव्हे, ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर पुरं करायचं : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्वरीने यंदा चारशेपर्यंतच्या केल्या आहेत आणि ऑक्टोबरच्या आधी सहाशे करणार आहे. रात्र कशी असते हे कळायला दुसरा मार्ग नाही, यावर दोघांचं एकमत आहे. तेवढं एकच.

खरी ठिणगी पडली ती खाण्यावरून. अण्णांच्या यादीत शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळी आणि ‘भूक लागेल तसं’ असे चार शब्द होते. शर्वरीच्या कागदावर वेळेचा तक्ता होता, दर वीस मिनिटांनी एक खूण.

अण्णा : दर वीस मिनिटांनी? तू शर्यतीला चाललीस की डोहाळजेवणाला?

शर्वरी : तासाला सत्तर ग्रॅम कर्बोदकं. एकदम सत्तर घेतली तर पोट फेकून देईल, म्हणून तीन भाग.

अण्णा : आम्ही अख्ख्या शर्यतीत दोन केळी खायचो. पोट हलकं तर सायकल हलकी.

शर्वरी : आणि ते बरोबरच होतं. हिशोब करू. तुमचा जोर तेव्हा दोनशे वॉट धरू. तासाला सातशे कॅलरी, चार तासांचे अठ्ठावीसशे. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, तो सोळाशे ते दोन हजार कॅलरींचा. उरलेलं थोडं चरबीतून, थोडं केळ्यांतून. भागलं. आता माझं बघा. दिवसभर टिकेल असा माझा जोर एकशेवीस वॉट. तासाला चारशेतीस कॅलरी. तीस तासांचे झाले तेरा हजार. साठा फार तर अठराशेचा. गच्चीवरची टाकी तुमची आणि माझी जवळपास सारखीच आहे, अण्णा. तुमची आंघोळ तेवढ्यात उरकली. माझ्या घरी लग्न आहे, मला टँकर लागणारच.

मला विचाराल तर सगळं भांडण इथे संपायला हरकत नव्हती. अण्णांचा अनुभव खोटा नाही, तो चार तासांचा आहे. चार तासांची शर्यत साठ्यावर निभते आणि पाय जिंकून देतात. तीस तासांची पुरवठ्यावर चालते, आणि पुरवठ्याचं काम पोटाचं. पाय कितीही तयार असोत, पोटाने संप पुकारला की निपाणीच्या आसपास कुठेतरी माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. पण अण्णा हार मानणाऱ्यातले नाहीत.

अण्णा : चरबी विसरलीस. सडपातळ माणसाच्या अंगावरही चरबी असतेच ना?

शर्वरी : असते. पन्नास हजार कॅलरींच्या वर.

अण्णा : मग? उपाशीपोटी सराव कर. शरीर आपोआप चरबीवर चालायला शिकतं. आमचे उस्ताद पहाटे चहासुद्धा घेऊ द्यायचे नाहीत.

शर्वरी : चरबी जळते, पण सावकाश, आणि तेवढ्याच ऊर्जेला प्राणवायू जास्त लागतो. सपाटीवर ती अर्धा भार उचलते. घाटात मागणी वाढली की मागे पडते, तिथे साखरच लागते. मेंदूलाही साखर लागते. उपाशी सरावाने चरबी जाळायची क्षमता वाढते हे खरं आहे, पण त्यामुळे माणूस शर्यतीत वेगवान होतो असं दरवेळी दिसत नाही. आणि मी ते करून पाहिलंय. तुमच्या सांगण्यावरून नाही, ग्रुपमध्ये टूम निघाली होती म्हणून. रोज पहाटे रिकाम्या पोटी दोन तास, वर वजन कमी करायचं म्हणून रात्री नुसतं सूप. वजन उतरलं आणि तीन महिने पाळी बंद झाली.

अण्णांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. थोडा वेळ पुसतच राहिले.

अण्णा : डॉक्टरांना दाखवलंस?

शर्वरी : दाखवलं. त्या म्हणाल्या, आधी खायला लाग. मेहनतीच्या मानाने खाणं सतत कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांवर येतं. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना कॅलेंडर नसतं म्हणून उशिरा कळतं. आता पोह्यांशिवाय दार ओलांडत नाही.

ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती फक्त बायकांची तक्रार नाही हेही सांगितलं. आपल्याकडे उपवासाला इतकी प्रतिष्ठा आहे की कमी खाणाऱ्याला कुणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. सायकल ग्रुपमध्ये वजनकाट्याचे फोटो टाकणाऱ्यांनी हे एकदा आपल्या फॅमिली डॉक्टरांशी बोलावं.

त्यानंतर अण्णा उपाशी सरावाचं नाव काढेनासे झाले. मोर्चा सत्तर ग्रॅमवर वळला.

अण्णा : बरं, खा. पण सायकल चालवताना एवढं पचेल का?

शर्वरी : पहिल्यांदा नाही पचलं. चाळीस ग्रॅमलाच पोटात गुडगुड. मग दर दोन-तीन आठवड्यांनी दहा-दहाने वाढवलं. आतडंही शिकतं, अण्णा. साखर आत घेणारे वाहक त्याच्या अस्तरात असतात, रोज काम पडलं की ते वाढतात. पायांना सराव देतो तसा पोटालाही द्यायचा. लोक आठ महिने पाय घडवतात आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच तासाला चार जेल पिळतात.

अण्णा : म्हणजे ती गोड लापशीची पाकिटं. एकेक शंभर-सव्वाशेला.

शर्वरी : काही ठेवणार आहे, घाटात चावायला वेळ नसतो म्हणून. पण मुख्य बाटलीत साखर.

अण्णा : साधी साखर?

शर्वरी : आपली रेशनची. ग्लुकोजचे वाहक वेगळे, फ्रुक्टोजचे वेगळे. एकटं ग्लुकोज तासाला साठ ग्रॅमच्या आसपास अडतं, त्यापुढचं पोटात पडून राहतं. दोन्ही मिळून दिलं तर नव्वदपर्यंत जाता येतं. आणि साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. गुळाचंही जवळपास तेच. अर्ध्या लिटरला आठ लहान चमचे साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. पस्तीस ग्रॅम झाले.

अण्णा : अगं, मग हे लिंबू सरबतच झालं की!

शर्वरी : तेच म्हणतेय मी मघापासून.

अण्णा इतके खूश झाले की उठून आत गेले आणि खरोखरच सरबत करून आणलं. त्यात मीठ जास्त होतं. मी बोललो नाही.

साखरेबरोबर मीठ का, याचं उत्तर सायकलीच्या दुकानाबाहेरचं आहे. आतड्यात ग्लुकोज आत घेणारा मुख्य वाहक सोडियमही सोबत ओढतो आणि दोघांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबावर देतात त्या ओआरएसच्या पुडीचं सगळं रहस्य एवढंच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि माणसं वाचली. महागड्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, आत काम करणारी गोष्ट तीच.

अण्णा : मग सातारा-कोल्हापूरच्या पट्ट्यात उसाचा रसच घे. नोव्हेंबरात हंगाम सुरू झालेला असतो. ताजा, जागेवर.

शर्वरी : रसात साखर मला पाहिजे त्याच्या दुपटीच्या आसपास. तसाच प्यायला तर पोटात बसून राहील. निम्मं पाणी घालून चालेल. पण बर्फ कुठला आणि चरक कधी धुतलाय, हे शर्यतीच्या दिवशी मला बघायचं नाही. येताना पिऊ.

अण्णा : चिक्की तरी?

शर्वरी : शेंगदाण्यात निम्मी चरबी. चरबी पोटातून हळू सरकते, मागचं सगळं अडवते. घाटाच्या तासाभर आधी चिक्की खाल्ली तर ती पांचगणीपर्यंत माझ्याबरोबर चढेल. राजगिऱ्याची वडी घ्या, तोच गूळ, हलकी. चिक्की रात्री चालेल, सपाटीवर, जोर कमी असताना.

इथे अण्णांनी पहिल्यांदा खिशातून पेन काढलं आणि ‘चिक्की’पुढे ‘रात्री’ असं लिहिलं.

पाण्याचं थोडक्यात उरकतो, कारण त्यावर भांडण कमी आणि गैरसमज जास्त होते. अण्णांच्या काळी पाणी कमी प्या, जड होतं, असं शिकवायचे. हल्ली उलट टोक आहे, घोट-घोट करत लिटरवर लिटर रिचवायचे. शर्वरीचं मोजमाप साधं आहे. सरावाला निघताना आणि तासाभराने परतल्यावर घाम पुसून वजन करायचं. सहाशे ग्रॅम उतरलं आणि मधे अर्धा लिटर प्यायली, म्हणजे घाम अकराशे मिलिलिटर. तेवढं सगळं भरून काढायचं नसतं, थोडी घट चालते. धोका दुसऱ्या बाजूला आहे. नुसतं साधं पाणी तासन्‌तास प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, डोकं ठणकतं, माणूस असंबद्ध बोलतो, आणि क्रूला वाटतं याला पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाजतात. अण्णांनी हे दोनदा विचारून घेतलं. गाडीत पाण्याच्या बाटल्या त्यांच्या ताब्यात असणार आहेत.

मग आली रात्र. इथे पारडं फिरलं.

अण्णा : तुझ्या तक्त्यात रात्री दोन वाजता काय आहे?

शर्वरी : दोन : एक जेल. दोन वीस : बाटली. दोन चाळीस : खजूर तीन.

अण्णा : आणि तुला नको वाटलं तर?

शर्वरी : नको वाटायचा प्रश्न नाही. तक्त्यात आहे म्हणजे घ्यायचं.

अण्णा : चारशेच्या बीआरएमला पहाटे काय खाल्लंस?

शर्वरी : (थोडं थांबून) काही नाही. तीन ते सहा. गोडाचा वासही नको झाला होता.

अण्णा : मग? सोळा तास गोड खाल्ल्यावर देवाचा प्रसादसुद्धा घशाखाली उतरत नाही. कागदावर ग्रॅम मांडलेस, जीभ मांडली नाहीस. पहाटे माणसाला आंबट लागतं, खारट लागतं, काहीतरी ऊन लागतं. मी थर्मासमध्ये आमसुलाचं सार ठेवणार. मऊ भात, मेतकूट, वर मीठ. उकडलेला बटाटा, तिखट-मीठ लावून. तुझे ग्रॅम त्यात बसव.

शर्वरीने मांडीवर वही घेतली. शिजलेला भात शंभर ग्रॅम म्हणजे कर्बोदकं अठ्ठावीस. बटाटा शंभर ग्रॅम, अठराच्या आसपास. सारात दोन चमचे गूळ, दहा. बेरीज छप्पन. उरलेले चौदा बाटलीतून. तूप चमचाभर चालेल, जास्त नको. ती मान वर न करता म्हणाली, “बसतं.”

टूर द फ्रान्सच्या संघांतही स्वयंपाकी चिकट भाताच्या वड्या थापून, फॉइलमध्ये गुंडाळून खेळाडूंच्या खिशात घालतात. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू रेसिपी त्यांनीच पॅरिसला पाठवली होती.

अण्णा : आणि अजून एक. रात्री तुला मी विचारणार नाही.

शर्वरी : काय?

अण्णा : काय खाणार, हे. दमलेल्या माणसाला विचारलं की एकच उत्तर येतं, नको. मी म्हणणार, भात की बटाटा? यातलं एक घ्यावंच लागेल. लहानपणी तुला असंच भरवलंय.

शर्वरीकडे यावर उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते असूही नये. लांबच्या शर्यतीतला क्रू काय करतो, तर थकलेल्या डोक्यावरचे निर्णय स्वतःकडे घेतो. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ दोघांच्या संघातून ‘रॅम’ पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अंतर जवळपास ४८०० किलोमीटर, एकट्यासाठी मुदत बारा दिवसांची. या शर्यतीतला एकटा सायकलस्वार दिवसाला आठ हजार कॅलरींच्या घरात खातो, झोप दोन-तीन तासांची. अशा अवस्थेत त्याला स्वतःला भूक कळत नाही, मागच्या गाडीला कळावी लागते. बातमीत नाव सायकलस्वाराचं येतं. वहीत दर तासाला ‘काय खाल्लं, किती प्यायलं, लघवी केली का’ लिहिणाऱ्याचं येत नाही.

अण्णांनी अशी वही आधीच आणली होती. लाल कापडी बांधणीची, दुकानदार उधारी लिहितात तसली. पानांवर पट्टीने रकाने आखलेले होते. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं ‘चेहरा’.

शर्वरी : चेहरा? हा काय रकाना झाला?

अण्णा : तुझा मीटर मला वॉट सांगेल. डोळे कसे दिसतात, चेष्टेला हसतेस का, हे कोण सांगणार? खाणं थांबायच्या तासभर आधी बोलणं थांबतं. मी शर्यतीत पाहिलंय. पोरगा गप्प झाला की समजायचं, लोणावळ्याच्या पुढे येत नाही.

शर्वरी : मग तुमचंच वाक्य खोटं पडलं की. बोलता आलं पाहिजे.

अण्णा हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहायला लागले.

कॉफीवर पाच मिनिटांत तोडगा निघाला. किलोमागे तीन मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे शर्वरीला पावणेदोनशे, साधारण दोन कप कडक कॉफी. शर्यतीच्या आधीचा आठवडा चहा कमी, आणि रात्री एकपर्यंत काही नाही. शरीराचं तापमान पहाटे तीन ते पाचमध्ये सगळ्यांत खाली जातं, झापड तेव्हाच येते, तेव्हासाठी राखून ठेवायची. झापड आवरलीच नाही तर वीस मिनिटं गाडीत आडवं व्हायचं. डुलक्या काढत घाट उतरायचा नाही. हे वाक्य दोघांनी एकदमच म्हटलं.

आदल्या दोन दिवसांचं जेवण मात्र पुन्हा लांबलं. शर्वरीला दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर कर्बोदकं हवीत. साध्या भाषेत तीन वेळा भरपूर भात, इडल्या, पोळीला गूळ. आणि कच्च्या कोशिंबिरी, मोड आलेली उसळ, मिसळ बंद. टाकी काठोकाठ भरून निघायचं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर जवळजवळ तीन ग्रॅम पाणीही साठवतं, म्हणजे वजन किलो-दीड किलो वाढतं. अण्णांना हे सहन होईना. वर्षभर सायकलीवरचे ग्रॅम मोजायचे आणि आदल्या रात्री दीड किलो अंगावर चढवायचं? शर्वरीचं म्हणणं, ते पाणी वाटेत वापरलंच जातं, आणि हलकी सायकल घेऊन कडेला बसण्यापेक्षा जड होऊन पोचलेलं बरं. अण्णांनी ‘बघू’ म्हटलं. त्यांचं ‘बघू’ म्हणजे नकार असतो, हे शर्वरीला जन्मापासून माहीत आहे. त्यामुळे भात ती स्वतःच लावणार आहे.

शेवटचा मुद्दा अण्णांनीच काढला. बराच वेळ मनात घोळत असावा.

अण्णा : आणि मी म्हणालो, उतर, तर?

शर्वरी : का म्हणाल?

अण्णा : तेच विचारतोय. कधी म्हणायचं मी?

शर्वरी : दोन तास पोटात काहीच टिकलं नाही, घोटभर पाणीसुद्धा. आठ तास लघवी नाही. बोटं सुजली आणि डोकं ठणकतंय. दिशा कळेना झाली, तुम्हाला ओळखायला वेळ लागला. यातलं काही झालं तर वाद नाही, मी उतरेन.

अण्णा : आठ नाही, सहा तास.

शर्वरी : बरं, सहा.

अण्णा : आणि उलटी झाली की लगेच भरवायचं?

शर्वरी : नाही. आधी वेग कमी. जोर आणि ऊन वाढलं की रक्त पोटाकडून पायांकडे आणि कातडीकडे जातं, म्हणून ढवळतं. मानेवर पाणी ओता, वीस मिनिटं हळू चालवू द्या, चूळ भरायला द्या. मग एक-एक घोट सरबत. गोव्याच्या बाजूला उतरलं की दमट हवेत हे होण्याची शक्यता जास्त.

अण्णा : लिहितो. सही करशील?

शर्वरी : करते. पण ‘थकलेली दिसते’ हे कारण त्यात चालणार नाही.

अण्णांनी लाल वही उघडली, शेवटच्या पानावर सहा ओळी लिहिल्या आणि पेन तिच्यापुढे केलं. शर्वरीने वाचलं, सहावी ओळ खोडली, सही केली.